मजल्यांचा केक : थर भाजणें, चिरणें व भरणें

लग्नसमारंभांत मांडलेला तीन मजल्यांचा केक पाहतांना सर्वांची नजर त्यावरील फुलांकडे व नक्षीकडे जाते. परंतु तो उभा राहतो आंतल्या थरांच्या जोरावर. बाहेरची साखर विस्कटली तर सुरी फिरवून ती सारखी करितां येते. आंतला थर एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास पातळ राहिला तर वरचा मजला कलतो, आणि पाहुणे जमल्यावर दुसरा केक भाजण्यास वेळ उरत नाहीं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या बाजूस घरीं केक करून चार पैसे मिळविणाऱ्या भगिनी आहेत. अशा एका केकांत त्यांची दोन दिवसांची मेहनत आणि लोणी, अंडीं व साखर यांचा सर्व खर्च अडकलेला असतो. म्हणून या कामांतील विज्ञान व गणित आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटलें.

थरांची कल्पना कोंकणास नवी नाहीं. सातकापी घावन करणारी गृहिणी तव्यावर पीठ पसरते, त्यावर गूळखोबऱ्याचें सारण घालून घडी घालते, पुन्हां पीठ, पुन्हां सारण, असे पदर वाढवीत नेते. गोव्याचें बेबिंका हें पक्वान्नही असेंच. नारळाचें दूध, अंड्यांतील पिवळा बलक, साखर, मैदा व तूप यांचा एक थर वरून आंच देऊन भाजावयाचा आणि तो झाल्यावरच दुसरा ओतावयाचा. बेबिंक्यास सन २०२३ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. या दोन्ही प्रकारांत प्रत्येक थर स्वतंत्र जन्मास येतो. केकाची गोष्ट निराळी आहे. तो अखंड भाजून मग आडवा चिरावयाचा असतो. त्यामुळें तो मुळांतच सपाट फुगला पाहिजे.

केक फुगतो तो वायूमुळें. साखरेबरोबर फेटलेल्या अंड्यांत हवा कोंडली जाते, व बेकिंग पावडर ओली होऊन तापली म्हणजे तिच्यांतून कार्बन डायऑक्साइड निघतो. ही पावडर सन १८४३ मध्यें बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानें आपल्या पत्नीसाठीं तयार केली, कारण तिला यीस्ट मानवत नसे. आतां डब्यांत काय घडतें तें पाहूं. धातूचा डबा आधीं तापतो, म्हणून कडेचें मिश्रण लवकर घट्ट होतें. मधलें मिश्रण अद्याप पातळ असल्यानें वर चढत राहतें. परिणामीं मध्यें टेंगूळ येतें व कधीं तें फुटतें. यावर उपाय असा, कीं आंच मंद ठेवावी. १८० अंशांऐवजीं १६० अंश सेल्सिअसवर थोडा अधिक वेळ भाजावें. डब्याभोंवतीं ओल्या जाड कापडाची पट्टी गुंडाळली तर कडा उशीरा तापते. डबा अर्ध्याहून थोडा अधिक भरावा, आणि शक्य असेल तर एका खोल डब्यापेक्षां दोन उथळ डबे वापरावे. काकडीचें धोंडस करतांना झांकणावर निखारे ठेवणाऱ्या आमच्या आज्यांना वरची व खालची आंच जुळविण्याची विद्या थर्मामीटरवांचून येत होती, हें येथें सांगावेसें वाटतें.

मिश्रणाचें प्रमाण ठरवितांना पुष्कळांची फसगत होते. समजा, मजले २५, २० व १५ सेंटिमीटर व्यासाचे आहेत. उंची सारखी असतां घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. म्हणजे ६२५, ४०० व २२५. वीस सेंटिमीटरच्या केकास चार अंडीं लागत असतील, तर पंचवीसच्या केकास सहा व पंधराच्या केकास दोन, किंचित अधिक, असा हिशेब येतो. सर्व मिळून सव्वातीन पट माल लागत नाहीं, पण तीन पटींहून थोडा अधिक लागतो. वर्गाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें उदाहरण पाटीवर करून पाहावें.

ऊन केक कधींही चिरूं नये. भट्टींतून काढल्यावर दहा मिनिटें डब्यांत, नंतर जाळीवर पूर्ण निवूं द्यावा, आणि गुंडाळून रात्रभर थंड जागीं ठेवावा. आंतील पिष्ट व लोणी घट्ट झालें म्हणजे चुरा कमी पडतो. दुसऱ्या दिवशीं आधीं वरचें टेंगूळ उतरून माथा सपाट करावा. मग पट्टीनें उंची मोजून चोहोंबाजूंस सारख्या उंचीवर दांतकोरण्या टोंचाव्या, व लांब दातेरी सुरीनें सर्व कडेनें अर्धा इंच खोल खांच पाडून घ्यावी. त्यानंतर केक फिरवीत, सुरी आडवी धरून, करवतीसारखी हळूहळू मध्याकडे न्यावी. दाब देऊं नये. दाबानें सुरी खालीं उतरते. कांहीं जण त्या खांचेंत मजबूत दोरा बसवून त्याचीं टोंकें एकमेकांवरून ओढतात. मऊ केकास ही रीत चांगली साधते, सुकामेव्याच्या केकास साधत नाहीं. चिरण्यापूर्वीं केकाच्या बाजूस वरपासून खालपर्यंत एक उभी खूण करावी. थर पुन्हां रचतांना खुणेवर खूण आली, कीं सुरी जराशी तिरपी गेली असली तरी तें वांकडेपण एकमेकांत बसून जातें. इतकी स्वस्त व उपयुक्त युक्ति या कामांत दुसरी नाहीं.

भरण आमच्या हवेस पाहून निवडावें. मे महिन्यांत किनाऱ्यावर लोणी टिकत नाहीं, आणि दमट हवेंत साखर पाणी ओढून चिकट होते. ताजी साय तर उघड्या मांडवांत नकोच. आटवलेला आंब्याचा मुरंबा किंवा घट्ट चॉकलेट त्या मानानें बरें. थरावर साखरेच्या पाकाचा हलका हात फिरवावा, कडेनें घट्ट क्रीमचा बांध घालावा, व त्याच्या आंत अर्ध्या सेंटिमीटरहून फार जाड न होईल असें भरण पसरावें. बांध नसेल तर वरच्या भारानें मुरंबा बाहेर येतो व केकाचें पोट सुटतें. सर्व थर रचल्यावर तो कांहीं तास थंड जागीं बसूं द्यावा. मगच बाहेरून लेप द्यावा.

राजकन्या एलिझाबेथ यांच्या सन १९४७ मधील विवाहाचा केक चार मजल्यांचा, नऊ फूट उंच व सुमारें ५०० पौंड वजनाचा होता. रेशनिंगच्या त्या काळीं त्यासाठीं ऑस्ट्रेलियाच्या गर्ल गाइड्सनीं साहित्य पाठविलें होतें. तसले केक सुकामेव्याचे, घट्ट, व वरून दगडासारख्या साखरेचे असत. आमचा मऊ केक तसा भार सोसणार नाहीं. म्हणून प्रत्येक मजला स्वतःच्या जाड पुठ्ठ्यावर ठेवावा, आणि खालच्या मजल्यांत लांकडी काड्या उभ्या रोंवाव्या. त्या सर्व एकाच मापाच्या व लेपाच्या पातळीशीं बरोबर कापलेल्या असाव्या. वरचें वजन मग काड्यांवरून तळाच्या फळीवर उतरतें, केकावर पडत नाहीं.

मुंबईहून मोटारीनें येणारा केक सन २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास रो-रो बोटीनें येऊं शकतो. पुढचे खड्डे मात्र त्यास चुकत नाहींत. मजले निरनिराळ्या खोक्यांत आणावे व मांडवांतच रचावे. कापण्याच्या वेळीं वरचे मजले आधीं उतरवून घ्यावे, आणि रोंवतांना मोजलेल्या काड्या काढतांना पुन्हां मोजाव्या. एखादी लहान मुलाच्या बशींत जाऊं नये.