मोटारीच्या रंगावरील डांबराचे डाग

वैशाखांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, आपल्याकडे रस्त्यांच्या डागडुजीची एकच घाई उडते. डांबर तापूं लागतें, खडी पसरली जाते, आणि रूळ फिरवून होतो न होतो तोंच त्या ताज्या रस्त्यावरून मोटारी धावूं लागतात. घरीं परतल्यावर पाहावें तों चाकांच्या मागील बाजूस व दारांच्या खालच्या अंगास मोहरीएवढे, कांहीं तर वाटाण्याएवढे, काळे ठिपके घट्ट चिकटलेले! ते पाण्यानें निघत नाहींत व साबणासही दाद देत नाहींत. ते कसे काढावे, आणि काढतांना मूळ रंगास इजा कां होते, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु याच कामांत आमच्या हातून एकदां जें नुकसान झालें, तें आठवलें म्हणजे आम्हांस अजूनही ओशाळल्यासारखें होतें.

आम्ही तेव्हां आठव्या इयत्तेंत होतों. आमच्या मामांनीं बरींच वर्षें पैसा गांठीं बांधून एक जुनी, पण उत्तम निगेंत ठेवलेली मोटार विकत घेतली होती. सुटींत त्यांच्याकडे गेलों असतां दारांवरील डांबराचे ठिपके आमच्या दृष्टीस पडले, आणि मामा कामावरून येण्यापूर्वीं गाडी लख्ख करून त्यांस चकित करावें असें मनांत आलें. स्वयंपाकघरांतून तारेची घासणी आणली, थोडी राख घेतली, व भर दुपारीं दोन तास खपलों. ठिपके निघाले, पण त्यांच्या जागीं पांढुरक्या चऱ्यांचीं वर्तुळें उमटलीं. सायंकाळीं मामा आले, त्यांनीं दारावरून एकदां हात फिरविला, आणि "एवढ्या उन्हांत बसलास? जेवलास कीं नाहीं?" इतकेंच विचारलें. रागें भरले असते तर बरें झालें असतें.

त्या दिवशीं आम्ही नेमकें काय घासून काढलें, हें कळण्यास रंगाची रचना पाहिली पाहिजे. हल्लींच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे अनेक लेप असतात. तळाशीं गंज थोपविणारें अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर कांचेसारखा पारदर्शक लेप. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांत वरचा पारदर्शक लेप सुमारें ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची सारी चकाकी या लेपाच्या गुळगुळीतपणांत असते. त्यावर चरे पडले कीं प्रकाश एका दिशेनें परावर्तित न होतां इतस्ततः फांकतो व रंग विटल्यासारखा दिसूं लागतो. चरा पत्र्यापर्यंत पोंचला तर पुढें गंजास वाट मोकळी होते.

घासणी व राख तर दोषी खरीच. पण मऊ फडक्यानें जोर करून घासलें तरीही रंग खरवडतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कारण तो ठिपका निव्वळ डांबराचा नसतो. त्यांत खडीची भुकटी मिसळलेली असते, आणि आपल्या दख्खनमधील खडी बहुतेक काळ्या पाषाणाची, म्हणजे बसाल्टची. हा पाषाण त्या पातळ लेपाहून कितीतरी कठीण! ठिपका रगडणें म्हणजे रंगावर पाषाण रगडणेंच होय. तेव्हां ठिपका खरवडावयाचा नाहीं, तर तो जागच्या जागीं विरघळवून हळूच उचलावयाचा, हें या कामांतील सारें मर्म आहे.

विरघळवावयाचा तो कशांत? येथें काट्यानें काटा काढावा लागतो. पूर्वीं दगडी कोळशाचें डांबर रस्त्यांस वापरीत. आतां वापरतात तें खनिज तेलापासून मिळणारें, ज्यास बिट्युमेन म्हणतात. खनिज तेलाचें ऊर्ध्वपातन करणारे दोन मोठे कारखाने मुंबईंत माहूल येथें १९५४ व १९५५ सालीं सुरू झाले. अशा कारखान्यांत तेल तापविलें म्हणजे हलके भाग वाफेच्या रूपानें वर जातात. पेट्रोल व रॉकेल हीं त्यांपैकींच. तळाशीं जो काळा, चिकट अवशेष उरतो, त्यापासून रस्त्याचें डांबर होतें. रॉकेल व डांबर हीं अशीं एकाच घरचीं भावंडें असल्यामुळें तीं एकमेकांत सहज मिसळतात. पाण्याशीं मात्र दोघांचेंही पटत नाहीं. उलट, कारखान्यांत चढविलेल्या त्या पारदर्शक लेपाचे रेणू जाळ्याप्रमाणें एकमेकांत गुंफलेले असल्यानें थोडा वेळ रॉकेल लागलें तरी तो विरघळत नाहीं.

थिनर व ॲसिटोन यांची गोष्ट निराळी. अमेरिकेंत १९२३ सालीं ओकलंड मोटारींस 'ड्यूको' नांवाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग देण्यांत आला, व पुढें बरींच वर्षें त्या जातीचे रंग प्रचारांत राहिले. तसला रंग थिनरमध्यें चक्क विरघळतो. जुन्या गाड्यांवर, व कांहीं दुरुस्त केलेल्या भागांवर, तो असण्याचा संभव असतो. म्हणून थिनरची बाटली या कामीं उघडूंच नये.

आतां प्रत्यक्ष कृति. गाडी सावलींत उभी करावी व पत्रा हातास थंड लागेपर्यंत थांबावें. तापलेल्या पत्र्यावर रॉकेल आपलें काम करण्यापूर्वींच उडून जाऊं लागतें. प्रथम भरपूर पाण्यानें धूळ व रेती धुऊन काढावी. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा रॉकेलांत भिजवून, पिळून, दाराच्या आंतील कडेस, जेथें सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं अशा जागीं, लावून पाहावा. फडक्यास गाडीचा रंग लागला तर तेथेंच थांबावें. न लागल्यास तें फडकें ठिपक्यावर एक-दोन मिनिटें नुसतें टेंकवून ठेवावें. कडेनें चहासारखे तपकिरी ओघळ दिसूं लागले म्हणजे डांबर सैल झालें असें समजावें, आणि हलक्या हातानें एकदांच पुसून फडक्याची घडी बदलावी. त्याच घडीनें पुन्हां पुसलें तर आंतील खडी रंगावर फिरते. डाग न निघाल्यास जोर वाढवूं नये, वेळ वाढवावा. महिनोन् महिने उन्हांत वाळलेला ठिपका चार-पांच खेपा घेतो.

नुकत्याच रंगविलेल्या भागावर रॉकेलही नको, कारण तो रंग पुरता पक्का झालेला नसतो. तेथें खोबरेल तेल लावून पाव तास वाट पाहावी; तें मंद आहे, पण सौम्य आहे. खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांस रॉकेल लागूं देऊं नये, त्यानें रबर फुगतें. पेट्रोल वापरण्याचा मोह कोणीही धरूं नये. त्याची वाफ शून्य अंशाहूनही पुष्कळ खालच्या उष्णमानांत पेट घेऊं शकते. रॉकेलाचें काम देखील उघड्यावर, विस्तवापासून दूर करावें, व भिजलेलीं फडकीं कोंडून न ठेवतां मोकळ्या हवेंत वाळवावीं.

शेवटीं ती जागा गाडीच्या शाम्पूनें धुवावी, म्हणजे रॉकेलाचा तेलकटपणा जाईल. त्याबरोबर पूर्वीचें मेणही गेलेलें असतें, म्हणून कोरडें झाल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. मेण लावलेल्या पत्र्यावर पुढल्या खेपेचे ठिपके तितके घट्ट बसत नाहींत.

पडलेल्या चऱ्यांस उपाय आहे काय, असें कोणी विचारील. आहे, परंतु पॉलिश करणें म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आसपासचा लेपही झिजवून सपाट करणें. उथळ चरे त्यानें जातात. खोल चऱ्यांसाठीं तेवढा लेपच शिल्लक नसतो. मामांनीं ती गाडी पुढें सहा वर्षें वापरली, व विकली तेव्हांही डाव्या दारावरील दोन वर्तुळें तशींच होतीं.