दोरी ओढण्याआधी

चि. सोमनाथ यास,

सीना-कोळेगाव धरणावर बचावाच्या सरावाच्या दिवशी बोटीची मोटर किती तरी वेळ सुरूच होईना, शेवटी कशीबशी फुरफुरली आणि तू तशीच बोट आत घातलीस, असं कानावर आलं. खरं-खोटं तुलाच ठाऊक. तुझ्या आईला अजून कळलेलं नाही. पाण्याचं नाव काढलं की तिचं काय होतं ते तुला सांगायला नको. ‘सुरू झाली ना शेवटी’ असं तू म्हणशील, आणि माझा आक्षेप नेमका त्यावरच आहे. मोटर सुरू झाली म्हणून दोष जात नाही, तो फक्त झाकला जातो. वेगात असताना कदाचित जाणवणारही नाही. पण पुरात एखाद्या छपराला बोट लावताना तू वेग कमी करशील, गिअर बदलशील, आणि ती नेमकी तिथंच बंद पडेल.

मोटर अशी अडण्याचं कारण आपल्याच जिल्ह्याच्या पाण्यात आहे. मालवणच्या मच्छीमाराची मोटर हंगामभर चालती असते. आपल्याकडं पाणी पावसाळ्यापुरतं, आणि बचावाची बोट तर पूर येईपर्यंत पडून. तेवढ्या महिन्यांत टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर धरतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि पाणी फार झालं की पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणजे तू जीव खाऊन मोटरची दोरी ओढतोस तेव्हा इंजिनाला पाणी पाजत असतोस. तिथं मनगटाचा जोर काय कामाचा?

तेव्हा आधी बघायचं, मग ओढायचं. सेफ्टी दोरीची क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला का. तो बंद राहिला तर मोटर सुरू होऊनही थोड्या वेळानं घुसमटते, आणि तोवर तू मध्यावर गेलेला असतोस. नळीवरचा रबरी गोळा कडक होईपर्यंत दाबायचा. तरीही सुरू झाली नाही तर प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर एक तर जास्त झालंय, नाहीतर ठिणगी पडत नाही. जास्त झालं असेल तर चोक बंद करून, थ्रॉटल उघडून ओढ. ठिणगी बघायची ती मात्र टाकीपासून लांब. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमकडची गावं पाण्यानं वेढली तेव्हा हे करायला वेळ कुणाला होता, असं तू विचारशील. नव्हताच, म्हणून तर ते मे महिन्यात करायचं. शिळं पेट्रोल काढून टाकायचं, आणि मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून चालवून बघायची, कोरडी नाही. मोटर बंद पडली तर वल्ही आहेत, हेही म्हणू नकोस. उजनी धरणात 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. तिथं कारण वारा होता. पण अशा वाऱ्यात मोटर बंद पडली की बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीला वल्ह्यांनी कितीसं वळवशील?

पत्र फार कडक झालं. तुझ्या वयात मला कुणी असं लिहिलं असतं तर मी अर्धंही वाचलं नसतं. आज वाटतं, कुणी लिहायला हवं होतं. आपत्तीत मदतीला जाणाऱ्या ‘आपदा मित्रां’च्या प्रशिक्षणाला तू स्वतःहून नाव दिलंस, याचा आम्हाला केवढा अभिमान आहे ते तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. जाऊ नको असं म्हणत नाही. पण मोटर पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू झाली नाही, तर त्या दिवशी बोट काठावरच राहू दे; कुणी भित्रा म्हणालं तर म्हणू दे, माझ्याकडं पाठव त्याला. लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळत जा, तुला ते सैल ठेवायची खोड आहे. आईला मी यातलं काही सांगणार नाही. तू मात्र तिला फोन कर, बरेच दिवस झाले म्हणत होती.

तुझा,
मामा