एका ‘के’ची रक्कम

महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा माणसांनी फुलून जातं. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते. काठावर मार्कंडेश्वराचं कोरीव देऊळ, आणि जत्रेत नारळ-प्रसादाच्या दुकानांची रांग. त्यातलं एक दुकान प्रस्तुत लेखकाच्या मामांचं. भाचा प्रोग्रामर, तेव्हा हिशेब त्याच्याच गळ्यात पडला. त्यानेही हौसेने पर्ल भाषेत वीसेक ओळी लिहून दिल्या.

जत्रा उठली. गल्ला आणि फोनवर जमा झालेले पैसे मिळून जेवढे भरले, त्यापेक्षा प्रोग्रामची बेरीज बरीच कमी. “कंप्युटरनं पैसे खाल्ले का रे?” मामांनी विचारलं.

एक चूक शुद्धलेखनाची निघाली. ‘रक्कम’ हा शब्द रोमन लिपीत एका ठिकाणी दोन ‘के’ घालून लिहिला होता, फोनवरच्या पैशांच्या ओळीत मात्र एकच ‘के’. मराठी माणसाने रोमन अक्षरांत नावं ठेवली की असं होतंच. पर्लने हूं की चूं न करता एका ‘के’ची नवी रक्कम तयार केली आणि फोनचे पैसे तिच्यात टाकले. सुरुवातीला ‘यूज स्ट्रिक्ट’ एवढी ओळ असती, तर न घोषित केलेलं नाव पाहून प्रोग्राम सुरूच झाला नसता.

दुसरी चूक जास्त खोडसाळ. मामांची मुलगी इंग्रजी आकडे टाइप करायची, मामा मराठी. मराठी आकड्यांतले पाचशे बेरजेला आले की पर्लच्या लेखी ते शून्य. गंमत अशी, की ‘इथे अंकच आहेत ना’ ही तपासणी लेखकाने केली होती! युनिकोड मजकुरात पर्लचं अंक ओळखणारं चिन्ह देवनागरी अंकांनाही हो म्हणतं. बेरीज मात्र त्यांना ओळखत नाही. (पायथनचं ‘इंट’ त्यांचा बरोबर पूर्णांक करून देतं.) इथे ‘स्ट्रिक्ट’चाही उपयोग नव्हता. ‘यूज वॉर्निंग्ज’ लिहिलं असतं, तर ‘हा आकडा नाही’ अशी कुरकुर तरी ऐकू आली असती.

लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्ल आणली, ती छोट्या कामांसाठी सैल, मोकळी भाषा म्हणून. इशारे ऐच्छिक असणं हाच दोष आहे, असं पर्लच्या माहितीपुस्तिकेतच, दोषांच्या यादीत, मिश्कीलपणे नोंदवलेलं आहे. मग कडकपणा आपोआप का नाही? कारण जुने असंख्य प्रोग्राम एका रात्रीत बंद पडतील. जून २०२० मध्ये पर्ल ७ची घोषणा झाली, तिच्यात ही शिस्त आपसूक असणार होती. जुन्या कोडच्या काळजीने तो बेत मागे पडला. जावास्क्रिप्टने वेगळी वाट काढली: २०१५ पासून मॉड्यूल आणि क्लास यांच्यात कडक नियम न सांगता लागू होतात, जुन्या पानांना हात लावलेला नाही. लेखकाला हीच वाट शहाणपणाची वाटते. इशाऱ्याची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्या नवख्यालाच तो सुरू करायची ओळ ठाऊक नसते.

पर्ल वापरणाऱ्याने निदान फाइलच्या माथ्यावर ‘यूज व्ही ५.३६’ लिहावं, २०२२ च्या या आवृत्तीपासून एका ओळीत स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज दोन्ही मिळतात. ५.१२ लिहिलं तर फक्त स्ट्रिक्ट मिळतं. पैशांचा मामला असेल तर अंकांविषयीचा इशारा ‘फेटल’ करावा, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो; नुसता इशारा पडद्यावर येऊन जातो आणि दुकानात तो वाचायला कोण बसलंय? देवनागरी अंक मजकूर आत येतानाच बदलून घ्यावेत, तपासणीत शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक नेमके लिहावेत. जुन्या मोठ्या कामात मात्र हे सगळं जत्रेच्या आदल्या रात्री करू नये. एकेक फाइल घ्यावी, आधी इशारे वाचावेत, मग कडक व्हावं.

पुढच्या वर्षी अंक बदलणारी ओळ लेखक घालायलाच विसरला. सकाळी सातला मामांचा फोन: पहिल्याच नोंदीला प्रोग्राम बंद पडला होता. मामांनी वही काढली होती.