गाडीत न बसता ‘गाडी लागते’ तेव्हा

आपल्या भाषेत ऊन लागते, नजर लागते, तशी गाडीही लागते. गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे एसटीने सिरोंच्याला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा तो प्रवास, दोन्ही बाजूंना जंगल आणि खिडकीशी डोके टेकवून बसलेली, कासावीस झालेली लेकरे. परंतु घरातल्या चटईवर बसल्या बसल्या गाडी लागते, असे कुणी सांगितले तर?

मध्यंतरी एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी मुलीला मळमळते, डोके जड होते, घाम फुटतो, कधी उलटी होते. दोन महिने आम्लपित्ताची औषधे घेऊन झाली होती, नजरही काढून झाली होती. ताप नाही, वजन उतरलेले नाही, सकाळी शाळेत काहीही त्रास नाही. संध्याकाळी घरात काय चालते, हे विचारता विचारता उलगडा झाला. थोरला भाऊ मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळतो आणि ही त्याच्या खांद्यावरून मान काढून पाहत बसते. मी विचारले, “एसटीत कशी असते?” आई म्हणाली, “मूल दूरच राहिलं जी, सावली येईपर्यंतच ओकते. पण घरी तं गाडी नाही ना, मंग गाडी कशी लागन?”

प्रश्न अगदी योग्य होता. आपल्या कानाचे काम केवळ ऐकण्याचे नाही. प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके वळले की हा द्रव हलतो आणि मेंदूला हालचालीची वर्दी जाते. त्यांच्या शेजारचे दोन छोटे अवयव पुढे-मागे, वर-खाली होणारी गती ओळखतात. एसटीत आपण पुस्तक वाचतो तेव्हा कान सांगतो ‘आपण हलतो आहोत’ आणि डोळा सांगतो ‘पान तर स्थिर आहे’. खेळात नेमके उलटे घडते. डोळ्यांपुढे जग गरागरा फिरते, आपण धावतो आहोत असे वाटते, आणि कान मात्र शपथेवर सांगतो की बाई चटईवर बसली आहे. या दोन विसंगत साक्षींमुळे मेंदू गोंधळतो. अंगात विष भिनल्यामुळेच असा भास होत असावा, असे समजून तो पोट रिकामे करायला लावतो, असा एक तर्क आहे. दोन्ही कानांतील हे तोलाचे अवयव पूर्ण निकामी झालेल्या माणसांना मात्र गाडी लागत नाही.

मग भावाला का त्रास होत नाही? एसटीच्या चालकाला होत नाही, त्याच कारणाने. वळण केव्हा येणार हे चालकाला आधी ठाऊक असते, कारण चाक त्याच्याच हातात असते. खेळातले वळणही भावाच्या बोटांतून निघते. शेजारी बसून पाहणाऱ्याला ते अचानक येते. दोन ते बारा वर्षांची मुले, अर्धशिशी असणारे आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया यांना हा त्रास अधिक होतो. त्यात मुलीचा नाजूकपणा किंवा नखरा काही नाही.

उपाय या भांडणातच शोधायचा. खोलीत दिवा लावावा, पडदा डोळ्यांपासून दूर धरावा, म्हणजे भोवतीची स्थिर भिंतही नजरेत राहते. खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून दिसणारे खेळ अधिक बाधतात. १९९३ साली संगणकावर आलेल्या ‘डूम’ने अनेकांना असेच गरगरायला लावले होते. आजच्या बऱ्याच खेळांत खेळाडू पाठमोरा दिसेल असे दृश्य निवडता येते, ते निवडावे. दृश्य थरथरणे आणि धूसर होणे या सोयी सेटिंगमध्ये बंद करता येतात. जांभया, घाम, तोंडाला पाणी सुटणे ही पहिली खूण. त्याच क्षणी थांबावे आणि दूरच्या झाडाकडे पाहावे. रेटून खेळल्याने सवय होते हा गैरसमज आहे. सवय होते ती पाच-दहा मिनिटे खेळून, मळमळ सुरू होण्याआधी उठल्याने. धावत्या एसटीत मोबाइलवर खेळणे म्हणजे मात्र दुखणे विकत घेणे.

एसटीत पुढच्या बाजूला बसावे, समोरच्या रस्त्यावर नजर ठेवावी. निघताना पोट तुडुंब नको आणि अगदी रिकामेही नको. आल्याचा तुकडा चघळण्याने काहींना आराम पडतो, निदान अपाय तरी नाही. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या निदान तासभर आधी घ्याव्या लागतात. उलटी सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बहुधा बाहेरच येते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून वाहन चालवणाऱ्याने घेऊ नयेत. दोन वर्षांखालील बालकांना प्रोमेथाझिन देऊ नये, मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारूनच द्यावे. खेळासाठी तर गोळी घेण्याच्या मी साफ विरोधात आहे.

मुलीच्या आईला मी पहिला प्रश्न तापाचा विचारला, त्यालाही कारण आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवताप आहे. उलट्या आणि डोकेदुखी ही त्याचीही लक्षणे. प्रवासाहून आलेल्या मुलाला थंडी वाजून ताप आला आणि घरच्यांनी ‘गाडी लागली’ म्हणून दोन दिवस झोपवून ठेवले, तर मेंदूचा हिवताप जिवावर बेतू शकतो. गाडी लागणे उतरल्यावर थोड्याच वेळात ओसरते, आणि तिने ताप येत नाही. ताप असेल, उलट्या थांबत नसतील, मान ताठ असेल किंवा मूल गुंगीत असेल तर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

त्या मुलीची आम्लपित्ताची औषधे मी बंद केली आणि भावाला दिवा लावून, भिंतीकडे पाठ करून बसायला सांगितले, म्हणजे मागे डोकावायला जागाच उरणार नाही. तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा आल्या. संध्याकाळच्या उलट्या थांबल्या होत्या. आता ती भावाकडे स्वतःची पाळी मागते, अशी आईची नवी तक्रार होती.