लपलेला रंग

(जर्बिल हा उंदराच्या कुळातील एक लहान पाळीव प्राणी आहे. त्याच्या पिल्लांचे रंग कसे ठरतात आणि ते नियम वहीत नोंदी ठेवून कसे शोधता येतात, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मांजरीची पिल्ले तुम्ही पाहिली असतील. आई एका रंगाची आणि पिल्ले मात्र तीन रंगांची! घरातील वडील माणसे म्हणतात, "ही निसर्गाची करणी!" ते खरेच आहे, पण या करणीलाही नियम आहेत. वही, पेन्सिल आणि धीर जवळ असला, तर ते नियम आपल्यालाही सापडतात. आज आपण ते जर्बिलकडून शिकू या.

जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनमधील कोरड्या प्रदेशातला. त्याच्या शेपटीवर केस असतात आणि टोकाला छोटा झुपका असतो. १८६६ साली आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकाने हे प्राणी पॅरिसच्या संग्रहालयाला पाठवले. १९३५ साली जपानी संशोधकांनी अमूर नदीच्या खोऱ्यातून त्यांच्या काही जोड्या नेल्या. १९५४ साली त्यांच्याच वंशातील मोजक्या जोड्या जपानहून अमेरिकेत पोहोचल्या. पुढे युरोप-अमेरिकेतील घरांत जर्बिल मुलांचा आवडता सोबती झाला.

रानातील जर्बिलचा रंग सोनेरी तपकिरी, वाळूशी जुळणारा असतो. त्याचा एक केस निरखून पाहिला, तर तो मुळाशी करडा, मध्ये पिवळसर आणि टोकाला काळा दिसतो. पाळीव जर्बिल मात्र आज काळे, पांढरे, करडे, ठिपकेदार अशा अनेक रंगांचे आढळतात. हे रंग आले कोठून?

समजा, तुमच्याजवळ जर्बिलची एक जोडी आहे. नर तपकिरी, मादीही तपकिरी. सुमारे पंचवीस दिवसांनी मादीला चार पिल्ले होतात. जन्मतः ती गुलाबी असतात. अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. आठवड्याभरात लव उगवू लागते आणि तुम्ही चकित होता. तीन पिल्ले तपकिरी आहेत. चौथे मात्र शाईसारखे काळे! एक शेजारी म्हणतो, "पिंजऱ्यात दुसरा नर शिरला असेल." दुसरा म्हणतो, "मादीने काळी वस्तू पाहिली असेल." कोणाचेही लगेच खरे मानू नका. वही उघडा.

अशी कल्पना करा की, प्रत्येक जर्बिलजवळ या रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. शास्त्रज्ञ या चिठ्ठीला 'जनुक' म्हणतात. तपकिरी रंगाच्या चिठ्ठीवर 'त' लिहा, काळ्या रंगाच्या चिठ्ठीवर 'क' लिहा. ज्याच्याजवळ 'तत', तो तपकिरी. ज्याच्याजवळ 'कक', तो काळा. आणि ज्याच्याजवळ 'तक'? तोही तपकिरीच! कारण 'त' ही चिठ्ठी 'क'ला झाकून टाकते. म्हणून 'त'ला प्रभावी आणि 'क'ला अप्रभावी म्हणतात. पण झाकलेली चिठ्ठी नाहीशी होत नाही, हे लक्षात ठेवा.

आता कोडे सुटते. काळ्या पिल्लाजवळ दोन्ही चिठ्ठ्या 'क'च्या आहेत. त्यातील एक आईने दिली, एक बापाने दिली. म्हणजे दोघेही 'तक' होते. काळा रंग त्यांच्यात लपलेला होता. चार घरांचा चौकोन काढा. वर बापाच्या चिठ्ठ्या लिहा, बाजूला आईच्या लिहा आणि घरे भरा.

बाप →  त  |  क
आई त : तत | तक
आई क : तक | कक

चार घरांपैकी तीन तपकिरी, एक काळे. मग प्रत्येक वेळी चारांत एक पिल्लू काळे होईल का? नाही. प्रत्येक पिल्लासाठी चिठ्ठ्या नव्याने निघतात. कधी चारही तपकिरी होतील, कधी दोन काळी होतील. पुष्कळ मोजले, तरच नियम दिसतो. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग केले आणि १८६६ साली ते प्रसिद्ध केले. त्याने एका प्रयोगात ७३२४ दाणे मोजले. त्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. त्याने दहाच दाणे मोजले असते, तर हा नियम त्याच्या हाती लागला असता का?

आता दुसरा प्रश्न. एक तपकिरी नर 'तत' आहे की 'तक', हे नुसते पाहून कळत नाही. मग त्याची जोडी काळ्या मादीशी जुळवतात. एक जरी पिल्लू काळे झाले, तरी नर 'तक' आहे हे सिद्ध होते. पण पाचही पिल्ले तपकिरी झाली तर? नर 'तक' असूनही असे ३२ वेळांत एकदा घडू शकते. म्हणून जाणकार एवढ्यावर पक्का निकाल देत नाही. तो आणखी पिल्लांची वाट पाहतो.

शेवटचे कोडे सर्वांत महत्त्वाचे आहे. काही जर्बिलांच्या डोक्यावर आणि मानेवर पांढरे ठिपके असतात. ठिपक्याच्या चिठ्ठीला 'ठ' आणि साध्या चिठ्ठीला 'स' म्हणू. 'ठ' प्रभावी आहे. एकच 'ठ' असली तरी ठिपके दिसतात. असे जर्बिल फार सुंदर दिसतात. साहजिकच कोणालाही वाटेल की, ठिपकेदार नर आणि ठिपकेदार मादी एकत्र ठेवावी, म्हणजे सुंदर पिल्ले अधिक होतील.

चौकोन भरा : ठठ, ठस, ठस, सस. तीन ठिपकेदार, एक साधे, असा आपला हिशेब. पण पुष्कळ पिल्ले मोजली, तर दोन ठिपकेदारांमागे एक साधे भरते. पिल्लांची संख्याही थोडी कमी असते. शिवाय, ज्याची सगळी पिल्ले ठिपकेदारच होतात, असा जर्बिल कोठेच मिळत नाही. मग 'ठठ' पिल्ले गेली कोठे?

असेच कोडे १९०५ साली फ्रान्समधील ल्यूसियाँ केनो या शास्त्रज्ञाला पिवळ्या उंदरांबाबत पडले होते. त्याला शुद्ध पिवळा उंदीर एकही मिळेना. १९१० साली अमेरिकेतील कॅसल आणि लिटल यांनी पिल्ले मोजून उत्तर दिले : ज्या गर्भाला पिवळ्या रंगाच्या दोन्ही चिठ्ठ्या मिळतात, तो आईच्या पोटातच मरतो. जर्बिलच्या ठिपक्यांचेही तसेच आहे. एक 'ठ' शोभा देते. दोन 'ठ' जीव घेतात.

म्हणून समजूतदार माणूस दोन ठिपकेदार जर्बिलांची जोडी जुळवत नाही. तो ठिपकेदाराची जोडी साध्याशी जुळवतो. तेव्हा सरासरीने निम्मी पिल्ले ठिपकेदार, निम्मी साधी होतात आणि या कारणाने एकही जीव वाया जात नाही. ठिपकेदार पिल्ले मात्र हवी तेवढी मिळतात. जोडी जुळवण्यापूर्वी तो आणखी एक प्रश्न स्वतःला विचारतो : होणाऱ्या प्रत्येक पिल्लाला चांगले घर मिळेल ना?

मित्रांनो, जो मोजत नाही, तो म्हणेल, "या वेळी पिल्ले जरा कमी झाली," आणि विसरून जाईल. ज्याने वहीत चौकोन भरला, त्यालाच कळते की चौथे घर रिकामे राहिले आहे. जे दिसत नाही, ते नसतेच असे नाही. लपलेला रंग आणि न जन्मलेले पिल्लू, दोन्ही आपल्याला नोंदींमुळेच कळतात. आणि एकदा कळले, की त्याप्रमाणे वागणे हे आपले काम आहे.

शब्दार्थ
करणी – कृती, काम
झुपका – केसांचा गुच्छ
निरखणे – बारकाईने पाहणे
लव – मऊ, बारीक केस
चकित होणे – आश्चर्य वाटणे
प्रभावी – जोर दाखवणारा
गर्भ – आईच्या पोटात वाढणारा जीव
शोभा – सौंदर्य

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रानातील जर्बिलचा रंग कसा असतो?
(आ) मेंडेलने कोणत्या वनस्पतीवर प्रयोग केले?
(इ) दोन ठिपकेदार जर्बिलांची जोडी का जुळवू नये?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दोन तपकिरी जर्बिलांना काळे पिल्लू कसे होऊ शकते?
(आ) पाच पिल्लांवरून पक्का निकाल का देता येत नाही?

प्र. ३. वचन बदला : पिल्लू, चिठ्ठी, घर, जोडी, डोळा.

प्र. ४. उपक्रम : दोन नाणी एकदम चाळीस वेळा उडवा. छापा म्हणजे 'त' आणि काटा म्हणजे 'क' समजा. 'तत', 'तक' आणि 'कक' किती वेळा आले, ते वहीत लिहा. सर्व वर्गाचे आकडे एकत्र करा आणि काय दिसते ते मराठीत सांगा.