बोंडअळीचे पतंग मोजणारे यंत्र : कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक पाठ

अलीकडे गावोगावच्या सभांमधून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द वारंवार कानी पडू लागला आहे. कोणी म्हणतो, हे यंत्र पीक पिकवून देईल. कोणी म्हणतो, हे माणसास देशोधडीला लावील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या दोन्ही टोकांपासून दूर राहून, यंत्र नेमके काय करते व काय करू शकत नाही, हे शेतकऱ्यांस समजावून सांगावयास हवे. त्याकरिता प्रस्तुत पाठात एकच उदाहरण विस्ताराने घेतले आहे. ते म्हणजे कामगंध सापळ्यात सापडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग छायाचित्रावरून मोजणे.

हा शब्द आपणांस नवा असला तरी त्याचे वय बरेच आहे. अमेरिकेतील जॉन मॅकार्थी व त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली एका संशोधन-योजनेच्या मसुद्यात तो योजिला. पुढे निरनिराळ्या व्यवसायांत त्याचा उपयोग हळूहळू होत गेला. १९८९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील यान लकुन व त्यांचे सहकारी यांनी टपालाच्या पाकिटांवर हाताने लिहिलेले अंक यंत्राकडून वाचून घेतले. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय व अन्य रुग्णालयांच्या साह्याने, मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून विकार ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत यंत्रास शिकविण्यासाठी सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रे वापरली होती. टपाल, रुग्णालय आणि कापसाचे शेत ही तीन स्थाने एकमेकांपासून फार दूर आहेत. परंतु यंत्राचे काम तिन्ही ठिकाणी एकाच जातीचे आहे. समोर चित्र ठेवावयाचे आणि त्यात काय आहे हे यंत्राने सांगावयाचे.

मोजणी कशासाठी?

बीटी कापसास आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे पुष्कळांना वाटले. पण २०१० साली गुजरातेतील काही जिल्ह्यांत पहिल्या बीटी जनुकास दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्या जनुकासही ती जुमानीनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे फार मोठे नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. केव्हा फवारावे आणि केव्हा फवारू नये, ह्या प्रश्नास किती वजन आहे हे ह्या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानी येते.

ही अळी अंड्यातून बाहेर पडताच कळीत वा कोवळ्या बोंडात शिरते. शिरल्यानंतर तिचे छिद्र बुजून जाते, बोंड वरून निरोगी दिसते आणि बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा तिला गाठावयाचे तर ती बोंडात जाण्यापूर्वीच गाठले पाहिजे, आणि त्याची पूर्वसूचना पतंगांच्या संख्येवरून मिळते. म्हणून पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत अशी शिफारस आहे. सापळ्यातील गोळीस मादीचा गंध असतो. त्या गंधाने केवळ नर पतंग येतात व पिशवीत अडकतात. एका सापळ्यात एका रात्रीत ८ पतंग, असे सलग ३ रात्री सापडले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. फुलांपैकी १० टक्के डोमकळ्या दिसल्या किंवा हिरव्या बोंडांपैकी १० टक्के बोंडांत अळी आढळली, तरी तोच अर्थ होतो.

आता हे मोजावयाचे कोणी? सांगावयास सोपे, करावयास कंटाळवाणे. पिशवीत चिखल, पाने, इतर किडे, अर्धवट तुटलेले पंख असा सगळा काला असतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा व पुढील पंखांवर काळपट ठिपके असलेला. अमेरिकन बोंडअळीचा पतंग त्याच्या जवळजवळ दुप्पट मोठा. जाणत्यास हा भेद एका दृष्टिक्षेपात कळतो, नवख्यास कळत नाही. परिणामी अनेक सापळे हंगामभर शेतात नुसते लोंबकळत राहतात. सापळा लावला म्हणजे कीड आटोक्यात आली, असा समज तर अद्याप सर्वत्र आहे.

यंत्र कसे शिकते?

२०१८ साली मुंबईत स्थापन झालेल्या वाधवानी एआय ह्या संस्थेने ह्याच कामासाठी मोबाइलवर चालणारे ॲप तयार केले. सापळ्यातील पतंग पांढऱ्या कागदावर पसरावयाचे, वरून छायाचित्र घ्यावयाचे. यंत्र दोन्ही जातींचे पतंग वेगवेगळे मोजते व त्यावरून सल्ला देते. गणित मोबाइलमध्येच होत असल्याने शेतात जाळे नसले तरी मोजणी अडत नाही. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीतही छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय असून तिच्यात साठाहून अधिक पिकांचा समावेश आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी स्वतंत्र ‘महाॲग्री-एआय’ धोरणही मंजूर केले आहे. म्हणजे हे साधन आज ना उद्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या हाती येणारच.

एका गावच्या सभेत एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, त्या मोबाइलला काय ठाऊक पतंग म्हणजे काय ते?” प्रश्न मार्मिक होता. त्यांना मी कापसाच्या ग्रेडरचे उदाहरण दिले. ग्रेडर रुई चिमटीत घेतो, ओढून पाहतो आणि प्रत सांगतो. ‘कशावरून?’ असे विचारल्यास त्यास नीटसे सांगता येत नाही. त्याने नियम पाठ केलेले नसतात. हजारो वेळा रुई पाहिलेली असते आणि प्रारंभी चुकला तेव्हा जुन्या ग्रेडरने त्यास दुरुस्त केलेले असते. यंत्राचेही तसेच. त्याला हजारो छायाचित्रे दाखवितात. प्रत्येक छायाचित्रात जाणत्या माणसाने पतंगाभोवती चौकट आखून ‘हा गुलाबीचा, हा अमेरिकनचा’ असे नोंदविलेले असते. यंत्र प्रथम अंदाज करते, चुकते, आणि प्रत्येक चुकीबरोबर त्याच्या आतील असंख्य आकड्यांत थोडा-थोडा फेर केला जातो. अखेरीस, शिकताना कधीही न पाहिलेली छायाचित्रे पुढे ठेवून त्याची परीक्षा घेतात. ह्या शेवटच्या परीक्षेवाचून दिलेले प्रशस्तिपत्रक व्यर्थ होय.

त्या वृद्ध गृहस्थांचा पुढचा प्रश्न अधिकच नेमका होता : “म्हणजे त्याने जे पाहिले नाही, ते त्याला कळणार नाही?” उत्तर ‘होय’ असेच आहे, आणि हा पाठ लिहिण्याचे खरे कारणही तेच. स्वच्छ कागदावरील ताजे पतंग पाहून शिकलेले यंत्र, वर्तमानपत्रावर पसरलेले भिजके, पंख झडलेले पतंग पाहून गोंधळते. वर्तमानपत्रातील अक्षर त्यास पतंग वाटू शकते; एकावर एक पडलेले दोन पतंग एक वाटू शकतात. माणूस गोंधळला म्हणजे थांबतो, पुन्हा पाहतो. यंत्र मात्र गोंधळले तरी आकडा सांगूनच मोकळे होते, आणि तो आकडा इतका ठाम दिसतो की त्यावर शंका घेण्याचे कोणास सुचत नाही.

कार्यकर्त्याने करावयाची परीक्षा

ॲप गावात वापरावयास देण्यापूर्वी कार्यकर्त्याने ते स्वतः तपासावे. प्रथम कोऱ्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. उत्तर शून्य आले पाहिजे. मग कागदावर चार सरकी व थोडा काडीकचरा टाकून पुन्हा घ्यावे. ह्या साध्या परीक्षेत जे यंत्र पतंग ‘पाहते’, त्याच्या हाती कोणाच्याही पिकाचा निर्णय देऊ नये. त्यानंतर गावातील दहा सापळ्यांचे पतंग आधी हाताने मोजून आकडा वहीत लिहावा आणि नंतरच छायाचित्र घ्यावे. क्रम उलटा केल्यास यंत्राचा आकडा मनात बसतो व हाताची मोजणीही नकळत तिकडेच झुकते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका सापळ्यात सलग तीन रात्री अनुक्रमे ७, ९ व ८ पतंग सापडले. यंत्राने मात्र पहिल्या रात्रीच्या कागदावरील दोन तुटके पंख पतंग धरून ९, ९ व ८ असे मोजले. एकंदर २४ पतंगांत दोनांचीच चूक. पण शेतकऱ्यास ‘फवारा’ असा सल्ला मिळाला, वास्तविक तीन रात्रींची अट पुरी झालेली नव्हती. अशा अनावश्यक फवारणीत औषधाचा व मजुरीचा पैसा जातो, मित्रकिडी मरतात आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध असेल तर पांढरी माशी बळावते. फवारणाऱ्याच्या जिवाचा धोका तो वेगळाच. उलट, चिकटून पडलेले पतंग यंत्राने कमी मोजले आणि फवारणी लांबली, तर अळी बोंडात जाऊन बसते व तेथून तिला काढावयाचा उपाय उरत नाही. माझ्या मते बोंडे धरण्याच्या काळात ही दुसरी चूक अधिक महाग पडते. म्हणून यंत्राचा आकडा ५ व ११ यांच्या दरम्यान आला की हाताने मोजून पाहावे. आकडा एक-दोन असला किंवा तीस-चाळीस असला, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, यंत्र कागदावर जे आहे तेच मोजते. सापळ्यातील गोळी जुनी होऊन तिचा गंध उडाला असेल तर पतंग येणारच नाहीत. यंत्र प्रामाणिकपणे ‘दोन’ म्हणेल आणि शेतकरी निश्चिंत राहील. गोळी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलली की नाही, सापळा पिकाच्या शेंड्याहून फूट-दीड फूट उंच आहे की पऱ्हाटीत बुडाला आहे, हे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. तसेच, बोंडे फोडून पाहण्याचे काम यंत्राने संपविलेले नाही. एकरात फिरून २० हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. त्यांतील २ बोंडांत अळी आढळली तर सापळ्यातील आकडा काहीही असो, उपाय योजावा. सापळा व बोंडे यांचे म्हणणे भिन्न असेल, तेव्हा बोंडांचे ऐकावे.

मोबाइल प्रत्येक घरी असतो असे आपण सहज म्हणतो. परंतु तो बहुधा मुलाच्या खिशात, आणि मुलगा तालुक्याच्या गावी. शेतात रोज जाणारी स्त्री सापळा पाहते, पण सल्ला तिच्यापर्यंत येत नाही. यास्तव गावात चार-पाच जबाबदार शेतकरी निवडून त्यांनी नियमितपणे मोजणी करावी, आणि सापळ्यांचा आकडा व त्यावरील सल्ला चावडीच्या किंवा शाळेच्या फळ्यावर खडूने लिहावा. ज्या आठवड्यात मोजणी झाली नाही, त्या आठवड्यापुढे ‘मोजणी झाली नाही’ असेच लिहावे. रिकामी जागा सोडल्यास लोक ती शून्य म्हणून वाचतात.

वहीत पाच रकाने पुरेत : तारीख, सापळ्याचा क्रमांक, हाताचा आकडा, यंत्राचा आकडा व फोडलेल्या बोंडांतील अळ्या. ही नोंद पहिल्या सापळ्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत ठेवावी. वेचणी आटोपल्यावर फरदड न घेता पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे, आणि ज्या आठवड्यांत दोन आकड्यांत मोठा फरक पडला तेवढी पाने पुढील हंगामापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे धाडावीत.