पायाखालचा मिडी

प्रश्न : गिटार वाजवताना पायाने आवाज बदलायचा, तर मिडी फूट कंट्रोलर कसा जोडावा? – एक वाचक, एन्नोर, चेन्नई

उत्तर : मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त आज्ञा जातात. कंट्रोलरचे ‘मिडी आउट’ पाच पिनांच्या केबलने गिटारच्या इफेक्ट्स प्रोसेसरच्या ‘मिडी इन’ला जोडावे आणि दोन्हींवर 16 पैकी एकच चॅनेल ठेवावा. ‘प्रोग्रॅम चेंज’ने साठवलेला आवाज बदलतो, ‘कंट्रोल चेंज’ने व्हॉल्यूमसारखा गुण 0 ते 127 मध्ये कमीजास्त होतो. फसगत होते ती प्रोग्रॅमच्या आकड्यांत. काही यंत्रे 0 पासून मोजतात, काही 1 पासून. मग शेजारचाच आवाज लागतो. संगीत नाटकातल्या ऑर्गनवादकाचे पाय भाता मारण्यातच गुंतत, इथे ते स्वररंग सांभाळतात. एन्नोरच्या खाऱ्या हवेत पिना गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कंट्रोलर कोरड्या फडक्याने पुसून झाकावा.